खवल्यात आजी नसते

मी खवले वाचते.
श्यार्वा नदीच्या मुखाशी, फिओर्डच्या काठी,
बंद पडलेल्या शाळेच्या प्रयोगशाळेत,
जिथे मी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं.
मुलं आता बोटीने पलीकडच्या गावात जातात.
भिंग तेवढं मागे राहिलं.

सॅमनचा खवला नखाएवढा.
नदीतली पहिली तीन वर्षं दाटीवाटीची,
थंडीत एकमेकींना बिलगलेल्या रेघा,
मग एकदम समुद्र, ओळी ऐसपैस.
उपासाच्या वर्षी अक्षर बारीक होतं.
जखम झाली की एखादी ओळ खोडलेली.

पिंजऱ्यातल्या माशाचं अक्षर सुवाच्य.
कित्त्यावर गिरवल्यासारखं,
ओळींत अंतर सारखं,
आणि भूक कुठेच लिहिलेली नाही.

तूरमोद, माझ्या बहिणीचा मुलगा, त्या पिंजऱ्यांवर कामाला.
चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या वादळात
एक जाळं खालून फाटलं.
कंपनीच्या कागदावर आलं : सुमारे चार हजार.
तो सकाळी माझ्याकडे आला, कॉफीला हात लावला नाही.
“मावशी, ‘सुमारे’मध्ये किती मासे मावतात?”
एवढंच म्हणाला.

शरदात ओड्वार आणि त्याची माणसं
तोंडात नळी धरून, हातात भाला घेऊन
नदीतून पालथी वाहत आली.
झिजलेले पर, बोथट नाकाडं,
बरेच मिळाले.
पण रात्री डोहात कोण पाहतं?

पिंजऱ्यातली मादी उशिरा पोचली.
वाळूगोट्यांत खड्डा कसा करायचा
तिला कुणी दाखवलं नव्हतं, तरी केला,
नेमका तिथे, जिथे आधीच दुसरीने अंडी पुरली होती.
नारिंगी दाणे प्रवाहाला लागले,
खालच्या अंगाला ट्राउट तोंड उघडून होते.
नदीचा नर तिच्या कुशीला आला.
त्याला कुठे खवले वाचता येतात?
तिचाही दोष नाही. मी कितीदा तरी
दोष द्यायला बसते आणि उठते.

नुसता गुण लागला असता
तर दोन पुरांत धुऊन गेला असता.
इथे वाण लागलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी पुलावरून वाकले.
सावली पडली की नदी रिकामी व्हायची,
मला लहानपणापासून ठाऊक होतं.
या वेळी बोटाएवढी पिल्लं उघड्यावर थांबली,
तोंड वर करून,
सावली म्हणजे दाणे टाकणारा हातच जणू.
करवती चोचीच्या बदकाला
आता फार बुडावं लागत नाही.

उरतात ती दांडगी.
खडकाआडच्या जागेवरून दुसऱ्यांना हुसकावतात,
बर्फाचं पाणी उतरण्याआधीच
समुद्राच्या वाटेला लागतात.
तिथे अजून पान वाढलेलं नसतं.

गेल्या ऑक्टोबरात तूरमोदने स्वतः एक मादी धरली.
(पिंजऱ्यांवरून सुट्टी काढून येतो, पगार कापून.)
सात किलो, पाठ शिसवी, शेपूट धारदार.
काठावरच खवला पाहिला :
दाटी आहे, उपास आहे, मग समुद्र.
“नदीची,” मी म्हटलं. “सोड.”
पराचा तुकडा बाटलीत घालून त्याने तिला
दोन्ही हातांनी प्रवाहाकडे तोंड करून धरलं,
दम येईपर्यंत.

डिसेंबरात तपासणीचा कागद आला.
अर्धी.

मी तो खवला पुन्हा लावला, कितीदा तरी.
माझ्या वाचण्यात चूक नव्हती.
खवल्यात जगणं लिहिलेलं असतं,
आजी नसते.

वहीत दोनच रकाने आहेत,
नदी आणि पिंजरा.
तिचं वजन मी समासात लिहिलं.
तूरमोदने विचारलं, “मारायला हवी होती?”
मी चुलीत लाकूड सरकवलं.

आता जून. रात्रीचे दहा वाजले तरी ऊन.
मी पुलावर जाते, कठड्याला रेलते,
माझी लांबलचक सावली पाण्यावर पडू देते
आणि कोण पळतं ते मोजते.

आज सात.
किंवा सहा. एक नुसताच हलला असेल.