केसभर

सारेमा बेटावर, जूनच्या ओल्या कुरणात
एंडेल पोटावर आडवा झालाय.
चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली,
आता बोटं थरथरतात, म्हणून
फोकसच्या रिंगला तो हातच लावत नाही.
अंतर एकदा ठरवून टाकतो
आणि स्वतःच सरकतो, कोपरांवर,
मागं, पुढं,
केसभर.

समोर ऑर्किड. नखाएवढं फूल,
माशीचं सोंग घेतलेलं.
भिंगात त्याचा एक पापुद्रा तेवढा स्पष्ट:
ओठ धरावा तर परागाचे गोळे धूसर,
पराग धरावा तर ओठ विरघळतो.

"सगळं का नाही येत?" भाची विचारते.
हिल्वे. वारा अडवायला छत्री धरून उकिडवी बसलीय,
पोटरीवर मुंग्या.
"येतं की. लांबून."

वारा पडतो.
श्वास अर्धा सोडून तो थांबतो,
केसासारखी स्प्रिंग बसवताना थांबायचा तसा.
कानावर डास. असू दे.
क्लिक.

घरी, टेबलावर, एकेचाळीस फोटो.
कुठं देठ लख्ख, कुठं मागचं गवत,
एकात तर हिल्वेच्या बाहीची सुटलेली लोकर
धागा न् धागा.
आणि शेवटून तिसऱ्यात
फूल सबंध धुक्यात,
ओठाच्या कडेला एक खरी गांधीलमाशी,
सोंगाला भुलून आलेला नर,
कपाळाला चिकटलेले दोन पिवळे गोळे,
मिशीचे पेर मोजून घ्यावेत इतके धारदार.

"ही कधी आली?"
एंडेल चष्मा पुसत राहतो.
"मी फुलाकडं बघत होतो तेव्हा."