अकरा शर्ट

डेल्बर्टसाहेबांची वही ओट्यावर उघडीच असते.
इंग्रजी मला येत नाही,
पण आकडे कळतात आणि माझं नाव कळतं.
भाडं चारशे ऐंशी. वीज एकवीस.
गॅसची टाकी तीन.
मग मी, सोइला, महिन्याला साठ.
माझ्याखाली अव्होकाडो.

ओहायोत म्हणे एवढ्यात औषधंसुद्धा भागत नव्हती.
इथे क्वेंकात नदीवरची बाल्कनी,
गुरुवारी भाजलेलं डुक्कर,
आणि तरी पैसे पुरून उरतात.

नोट तीच, बरं का.
आमच्याकडेही डॉलरच चालतो,
तोच केसांचा टोप घातलेला म्हातारा.
माझा विल्मेर तिकडे क्वीन्समध्ये
भिंती रंगवून त्याच नोटा मोजतो,
साहेबांपेक्षा दुप्पट मिळवतो,
पाचजणांत एक खोली, पलंग पाळीपाळीने.
"आई, तोंडमिळवणी होत नाही गं."

नदीकाठी आधी आम्हीही राहायचो.
एर्मेलिंदाबाईंनी भाडं वाढवलं:
"गोरे देतात ना हसत हसत?"
आता मी डोंगरावरून येते, दोन बस बदलून.

साहेब माणूस वाईट नाही. चहा स्वतः करतात,
मलाही देतात, बिनसाखरेचा.
काल मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारत होते,
"सोइला, आरामात राहायला
माणसाला किती लागतात?"
इस्त्री तापली होती.
म्हटलं, थांबा, कॉलर जळेल.

रात्री विल्मेरला फोनवर विचारलं,
तिकडे एका शर्टाच्या इस्त्रीला काय पडतं रे?
तीन, म्हणाला. का गं?

काही नाही, म्हटलं. जेवलास का?