नसलेला ब्रेक

विद्यापीठातली मुलगी, इन्केरी,
दाराशी बूट काढून आत आली
आणि टॅब्लेट मांडीवर घेऊन वाचू लागली:
आपोआप चालणारी गाडी स्वीकारायला
आपण कितपत तयार आहात?
एक म्हणजे मुळीच नाही,
पाच म्हणजे अगदी.

तौनो कॉफी ओतत राहिला.
एकतीस वर्षं ओंडके वाहिले त्यानं
कुहमोच्या जंगलातून ओउलूच्या कारखान्यापर्यंत,
साठ टन पाठीशी घेऊन.
रस्ता बर्फाखाली गेला
की दोन्हीकडच्या झाडांमध्ये जेवढं आभाळ उरतं
तो रस्ता, असं धरून चालायचं.
निसरडा काळा बर्फ
आधी बुडाला कळायचा, मग डोळ्यांना.
हे कुठल्या खान्यात लिहायचं,
तिलाही माहीत नव्हतं.

"दोन लिही," तो म्हणाला.
आणि लगेच, "थांब."

गेल्या गुरुवारी सिल्वीचा गुडघा दाखवायचा होता.
नगरपालिकेनं पाठवली ती चाचणीतली गाडी,
पांढरी, धुतलेल्या बशीसारखी,
पुढच्या सीटवर कोणी नाही.
स्टिअरिंग आपलं आपण वळत होतं,
अंगात आल्यासारखं नाही,
दळण दळावं तसं, मुकाट.
पुलाजवळ वाऱ्यानं भुरभुर बर्फ उडवला
तर ही बया थांबली,
कोणी म्हातारा रस्ता ओलांडतोय अशा अदबीनं.
मागचा ट्रक भोंगा वाजवत राहिला.
तौनोला शरम वाटली, जणू तोच चालवत होता.

आणि दर वळणाला
त्याचा उजवा पाय
खालच्या चटईवर दाबला जात होता.
तिथं काही नव्हतं. चटईच होती.
तरी पाय दाबतच होता,
पोटरीत गोळा येईपर्यंत.

बाजूला बघितलं
तर सिल्वी झोपलेली.
तोंड किंचित उघडं, हातमोजे मांडीवर.

अडतीस वर्षं ती त्याच्या शेजारी बसली,
गाडीत एकदाही डोळा लागला नाही तिचा.
बाहेर बघायला आवडतं तिला, असंच तो समजायचा.

त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन
जुन्या टोयोटाचं दार उघडलं त्यानं.
सिल्वीच्या बाजूची चटई
उजव्या टाचेखाली झिजून झिजून
आरपार भोक पडलेलं, रुपयाएवढं.
दोनदा बदलली होती ती चटई.
दोन्ही वेळा दुकानदाराला शिव्या घातल्या होत्या,
रबरच हलकं वापरतात म्हणून.

विश्वास टाकायचा असतो, म्हणतात.
कुठं टाकतात तो?
तिनं इथं टाकला होता,
या भोकातून, रोज थोडा,
आणि वर जीव मुठीत धरून
हवापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या.
तो एका हातानं चालवायचा तेव्हा,
दुसऱ्या हातानं थर्मासचं झाकण काढायचा तेव्हा,
"मला माहितीये" म्हणायचा तेव्हा.

तिला कुणी विचारलं नव्हतं
एक ते पाचमध्ये.

इन्केरीचं बोट काचेवर थांबलेलं.
"मग काय लिहू?"
तौनोनं साखरेचा खडा दातात धरला,
वर कॉफीचा घोट घेतला,
खडा विरघळेपर्यंत काही बोलला नाही.
"यंत्रावर भरवसा नाही माझा," म्हणाला,
"तो भाग तसाच ठेव.
पण तुझ्या यादीत एक प्रश्न कमी आहे."
"कोणता?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून,
गुडघ्यावर शेकायची पिशवी सावरत
सिल्वी म्हणाली,
"मी तुला तीन दिले असते, तौनो."

आणि जरा थांबून,
"उन्हाळ्यात."