'बहुतेक'ला कोड नाही

महापे, तिसरा मजला. एसी अठरावर.
खुर्चीला माझी शाल,
आणि स्क्रीनवर एक सैनिक, नाव काळं केलेला.
वय चौतीस. झोप नाही. दोन्ही कानांत शिट्टी.
नर्सने ठरलेला प्रश्न विचारलाय:
आजची ही भेट तुमच्या तैनातीशी संबंधित आहे का?
तीन चौकोन. हो. नाही. बहुतेक.
त्याने बहुतेकवर खूण केली आहे
आणि पेन मग तिथंच जरा टेकून राहिलं असावं;
स्कॅनमध्ये शाईचा ठिपका दिसतो.

ठिपक्याला कोड नाही.
बहुतेकलाही नाही. बाह्यरुग्णांसाठी नियमच आहे,
शक्यता, संशय, असावं, असेल, यांना हात लावायचा नाही.
निदान ठरलं तर निदान, नाहीतर नुसतं लक्षण.
झोप: जी सत्तेचाळीस. शिट्टी: एच त्र्याण्णव.
आणि हा माणूस जाऊन आलाय, म्हणून सगळ्यांच्या शेवटी
झेड एक्क्याण्णव पॉइंट ब्याऐंशी,
लष्करी तैनातीचा पूर्वेतिहास.
मागच्या महिन्यात नेमका हाच राहिला, सात फायलींत.
ऑडिटचे कुरियाकोस सर म्हणाले,
निशिगंधा, तू अख्खं वाळवंट विसरलीस.
ब्याण्णव टक्के. इन्सेंटिव्ह गेला.

ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी फळ्यावर होतं:
लिहिलं नाही म्हणजे झालं नाही.
आम्ही वहीत उतरवून घेतलं, तारखेसकट.

अण्णा सतरा वर्षं सिग्नल्समध्ये होते.
डोंगराकडे खाणी चालू होत्या तेव्हा
दुपारी सुरुंग उडाला की
ते हातातलं ताट खाली ठेवायचे.
सावकाश, आवाज न करता.
मग उचलायचे परत, आणि आमटी मागायचे.
डॉक्टर घैसास म्हणायचे, पित्त.
एक पांढरी गोळी, एक गुलाबी.
कागदावर पित्त.
तीन चौकोन त्यांच्यापुढे कुणी ठेवले नाहीत.

त्याच यादीत थोडं अलीकडे
झेड त्रेसष्ट पॉइंट एकतीस आहे:
लष्करी तैनातीमुळे कुटुंबातील व्यक्तीची अनुपस्थिती.
पहिल्यांदा वाचला तेव्हा उठून कँटीनपर्यंत गेले
आणि चहा न घेताच परत आले.
म्हणजे याला नंबर आहे!
आई एकटी सिलिंडर जिन्यावरून चढवायची, पायरीपायरीवर टेकवत,
आंतर्देशीय पत्र भाताच्या शितानं चिकटवायची,
त्यांचं आलं की आधी तारीख वाचायची, मजकूर नंतर,
आणि रात्री कडी दोनदा बघायची;
त्या सगळ्याला एक झेड आणि चार आकडे.
पण लावायचा कुठे? ती पेशंट नव्हती.
पाठ दुखायची तिची. दाखवायला कधी गेली नाही.
म्हणजे झालं नाही.

साडेपाचला कंपनीची गाडी कोपरखैरण्याला सोडते.
अण्णा जागे. दाढी झालेली. चहा दोघांचा.
'तुझं नक्की काम काय गं?'
तीन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.
म्हटलं, तिकडचे सैनिक दवाखान्यात येऊन जे सांगतात
त्याला आकडे द्यायचे.
त्यांनी बशी जराशी फिरवली.
'सांगतात ते?'
'काही जण.'
'हं.'

मला विचारायचं होतं. वाक्य तर पाठच आहे,
रात्रीतून साठ वेळा वाचते.
'अण्णा, हे तुमचं पहाटेचं उठणं—'
वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातून काही पडलं,
डबा असेल, पाट असेल.

अण्णांनी कप खाली ठेवला.
सावकाश, आवाज न करता.

मी घड्याळाकडे पाहिलं. पाच सत्तावन्न.
कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून.