अप्पर डिपर

फोंड्याच्या बसस्टँडमागे इनासचं दुकान.
तिथं त्याने मला आरसा दाखवला,
कल्ला उघडून ताजा बांगडा दाखवावा तसा.

"दोन काचा. मधे जेलीसारखं थोडंसं काही.
आणि डोळे दोन आहेत याला, बाब.
एक पुढं बघतो, बाहेर काळोख किती ते मोजतो.
दुसरा मागं.
पुढं काळोख, मागं झगमगाट, असं जुळलं
तरच हा जेलीत वीज सोडतो, चिमूटभर,
आणि काच आपणहून जांभळट निळी पडते.
ट्रक गेला की पुन्हा स्वच्छ.
रिव्हर्स टाकलास तर मात्र उघडाच राहतो,
तेव्हा मागचं बघायचं असतं ना."

जुन्या बॅटरीला वायरी लावून
त्याने पुढच्या डोळ्यावर अंगठा दाबला,
मागच्यावर मोबाइलचा टॉर्च मारला.
दुपारी साडेबाराला
आरशात तिन्हीसांज झाली.
"म्हणून इथं स्टिकर नको, क्रूस नको, लिंबू-मिरची नको.
पुढचा डोळा झाकला की याला सगळीकडे रात्रच वाटते."

सात हजार. वायरिंग वेगळं.
बाजूचे दोन आरसे यात नाहीत,
ते तसेच डोळे फोडत राहणार.
जेली गळली तर कडेने तपकिरी डाग चढतो,
दुरुस्ती नाही, फेकायचा.
हे इनासने न विचारता सांगितलं.
म्हणून तर मी त्याच्याकडे जातो.

माझ्या गाडीत जुनाच आहे, खाली जीभ असलेला.
जीभ ओढली की पाचरीसारखी काच कलते,
मागची चांदी छताकडे तोंड फिरवते
आणि पुढच्या साध्या काचेवरून
उजेडाचा जेमतेम वाटा डोळ्यांपर्यंत येतो.
फुकटची गोष्ट. वीस वर्षं पुरली.

पण सोमवार, बुधवार, शुक्रवार
मी शेवंती गावकरला बांबोळीहून वाळपईला आणतो,
डायलिसिसची शेवटची पाळी, निघेपर्यंत साडेदहा.
ती मागे, डोकं काचेला टेकून.
श्वास कसा चाललाय ते मी आरशात बघतो.
बाणस्तारीचा पूल, कुंडईचा चढ, फोंडा,
आणि उसगावपासून ट्रक लागतात पाठीला,
पांढरे एलईडी, अप्पर लावून.
मी जीभ ओढतो.
ट्रक जातो. मी विसरतो.
पुढचे चार किलोमीटर
मागच्या सीटवर कोणीच नसतं.

एकदा विचारलंच, "काकी, आहेस ना?"
"आहे रे. जाणार कुठं, दार तू लॉक केलंयस."

हे इनासला सांगितलं.
हे नाही सांगितलं, की खाणी चालू होत्या तेव्हा
मागचा तो उजेड मीच होतो.
दहा टन माल, दिवसाला सहा फेऱ्या,
पुढं बारकी गाडी दिसली की अप्पर.
तिच्यात एक हात वर जायचा,
आरशाखाली काहीतरी चाचपडत.
मला वाटायचं, सलाम करतोय.

"घेऊ की नको?"
"रात्रीची भाडी नसतील तर कशाला.
तुझी आहेत. घे. पण आधी मागची काच पूस."

ठेव म्हटलं एक बाजूला, चवथ झाली की बघू.
घरी येऊन काच पुसली.
फडकं लाल झालं,
आणि झगमगाट, खरं सांगतो, अर्ध्यावर आला.

शुक्रवारी उसगाव ओलांडलं तर
पुढ्यात एक स्कूटर, मागे बसलेलीच्या मांडीवर पोर.
आरसा तळहाताएवढा,
त्याला ना जीभ, ना जेली.
मी डिपर केला.

"काळोख का केलास?" मागून शेवंती.
मला वाटलेलं, झोपली असेल.

"पुढं माणसं आहेत, काकी."