डॉबीची खुंटी

गोळीबार चौकातल्या खोलीत बाबांचा माग होता.
मागाच्या डोक्यावर डॉबी, तिच्या पट्ट्यांवर लाकडी खुंट्या.
खुंटी असेल तिथला धागा वर,
नसेल तिथला पडून राहणार.
सूत तेच असते बाई, म्हणायचे,
कोण कधी उठते, त्याची किनार होते.

काल धंतोलीत डॉक्टर अंजुमनी रिपोर्ट उलगडला
आणि तोच खटखटाट.

इन्सुलिनचं पान, त्या म्हणाल्या,
तुमच्या टाचेतही आहे, पापणीतही.
तिथे ते मिटलेलं.
वाचतात फक्त स्वादुपिंडातल्या इवल्या बेटांवर,
आणि काय, केव्हा, किती वाचायचं
ते सांगणारे मुकादम असतात.
तुमच्या एका मुकादमात
एक अक्षर चुकलंय.

अकरा वर्षं मी पोटाला सुया टोचल्या
एका अक्षरासाठी.

माल आहे हो, पोती भरलेली आहेत.
पण आतली भट्टी मंद,
साखर आली तरी पेशीची खिडकी लागत नाही,
आणि खिडकी उघडी तोवर दार उघडत नाही.
उलटंच आहे, मी म्हटलं.
उलटंच, त्या म्हणाल्या. ही गोळी खिडकी लावते.
बस, तेवढंच.

बाबांना सगळी गल्ली सांगायची, संत्रा बर्फी भोवली.
बाबांचे दात दुखायचे,
बर्फी ते आम्हाला द्यायचे.
आधी अंगठा, मग घोट्यापर्यंत डावा पाय.
पावडी दाबायला उरलं कोण?
माग विकला, त्या पैशांत मेडिकलचा एक महिना.
हे अक्षर त्यांचंच.

तिसऱ्या दिवशी पंचशील चौकात
पंचेचाळीस डिग्रीत मला थंड घाम फुटला.
साखर बावन्न.
"काय झालं वो ताई?" रसवाल्याने विचारलं,
ऊस दोनदा पिळला, पैसे घेईना.
आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शरीराने
जास्त काम केलं होतं.
मी फुटपाथवर बसून हसत होते.
आता अर्धी नाही, चतकोर गोळी.

शर्वीचा फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली आहे.
नऊ वर्षांची. छापा की काटा.
कूलरच्या आवाजात ती विचारते,
आजोबांचा कोणता पाय?
डावा.
मग बराच वेळ ती डाव्या अंगठ्याने
टेबलाचा पाय ठोकत राहते,
एका लयीत,
आणि मला तिला थांबवता येत नाही.