इंजिन चालू ठेवून

गाडीचं इंजिन चालूच ठेवतात
सोडायला येणारे.
नेरिस फाटकाशी जाते, खोकं घेते,
नाव विचारत नाही.
आज कोकरू. मागचे पाय लुळे,
तोंडाला अजून बाटलीतल्या दुधाचा वास.

वेल्सच्या या उतारावर गवत फुकट,
फेब्रुवारीत मात्र वाळल्या गवताचं बिल येतं.
जनावरांचा डॉक्टर ह्यू
आपल्या बिलातला शेवटचा आकडा खोडतो,
चहा मागतो.

आंधळी मेंढी ग्वेनो
गाढवाच्या गळ्यातल्या घंटेमागे चालते.
गाढव म्हातारं.
या हिवाळ्यात दोन दिवस उठलंच नाही.
तेव्हा नेरिसनं घंटा सोडवून
स्वतःच्या गळ्यात बांधली
आणि ओढ्यापर्यंत गेली,
मागे न बघता,
पावलं ऐकत.